कॅच लावलाय, तरी एरर गेली कुठे? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जावास्क्रिप्टमध्ये छोटी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून वेबवरून डेटा कसा आणायचा यावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर ठाणे आणि नवी मुंबईच्या मंडळींनी एवढे प्रश्न पाठवले की हे अख्खं सदर त्यालाच दिलंय. प्रश्न वरून वेगवेगळे दिसतात पण बहुतेकांचं दुखणं एकच, रिक्वेस्ट पाठवायला सगळ्यांना येते, ती फसली की पुढे काय हे कुणी ठरवलेलंच नसतं. कोड छापत नाही कारण पानाच्या रुंदीत ओळी तुटतात आणि मग लोक तुटलेली ओळच टाइप करत बसतात, म्हणून फंक्शनची नावं आपण बोलताना घेतो तशीच लिहिलीयेत. नवीन मंडळींसाठी एवढंच, फेच म्हणजे ब्राउझरमधलं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन, ते लगेच उत्तर न देता 'प्रॉमिस' देतं, उत्तर आलं की देन चालतं, प्रॉमिस फसलं म्हणजे रिजेक्ट झालं की कॅच, आणि प्रॉमिससाठी थांबायला अवेट.

प्रश्न (ऐरोली): दादा, मी ऐरोलीत एका कंपनीत नवीनच लागलेय. आमच्याकडे थेट फेच वापरतात. कर्मचाऱ्याचा नंबर चुकीचा टाकला की सर्व्हर ४०४ ('सापडलं नाही') देतो, नेटवर्क टॅबमध्ये लाल ओळ दिसते, पण माझा कॅच काही चालत नाही आणि स्क्रीनवर नावाच्या जागी 'अनडिफाइंड' येतं. सिनियर म्हणतात अ‍ॅक्सिओस लायब्ररी टाक, सगळं नीट होईल. खरंच होईल का? कोड सोबत पाठवलाय.

उत्तर: सिनियर अर्धे बरोबर आहेत. आधी हे का होतंय ते बघ. फेचच्या हिशेबाने रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचली आणि तिकडून काहीतरी उत्तर आलं म्हणजे काम फत्ते, मग ते उत्तर ४०४ असो नाहीतर ५०० (सर्व्हरमधला बिघाड). प्रॉमिस रिजेक्ट होतं ते उत्तरच आलं नाही तर, म्हणजे नेट गेलं, सर्व्हरचं नाव सापडलं नाही, ब्राउझरने मधेच अडवलं किंवा तू स्वतः रिक्वेस्ट रद्द केलीस. तुमच्या सर्व्हरने ४०४ सोबत एक छोटासा जेसन (डेटा लिहायची मजकुराची पद्धत) पाठवलाय, त्यात 'सापडला नाही' असा मेसेज आहे, तुझा कोड त्यालाच कर्मचारी समजून त्यातलं नाव काढायला गेला, नाव तिथे नव्हतंच, झालं अनडिफाइंड.

म्हणून पहिल्या देनमध्ये जेसन काढायच्या आधी रिस्पॉन्सचा 'ओके' तपासायचा, तो स्टेटस २०० ते २९९ मध्ये असेल तरच ट्रू असतो. फॉल्स असेल तर तिथल्या तिथे एरर थ्रो कर, म्हणजे मुद्दाम फेक, आणि तिला स्टेटसचा नंबर चिकटवून दे, म्हणजे खाली कॅचमध्ये ४०४ ला 'या नंबरचा कर्मचारी नाही' आणि ५०० ला 'थोड्या वेळाने बघा' असं वेगळं दाखवता येतं. लोक सगळ्यालाच 'समथिंग वेंट राँग' दाखवतात, वापरणाऱ्याला त्यातून काही कळत नाही आणि सपोर्टवाल्यालाही नाही.

अ‍ॅक्सिओस हे आपणहून करतं, दोनशेच्या घराबाहेरचं स्टेटस आलं की सरळ रिजेक्ट, आणि हा नियम बदलायचा असेल तर व्हॅलिडेट-स्टेटस नावाची सेटिंग आहे. केवाय नावाची लायब्ररी फेचवरच बांधलेली आहे, तीही असंच करते. तेव्हा अ‍ॅक्सिओस टाकलंस तर कॅच लागेल. पण मग लगेच दुसरी गंमत होते, कॅचमध्ये लोक बिनधास्त एरर डॉट रिस्पॉन्स डॉट स्टेटस लिहितात, आणि नेटच गेलेलं असेल तर एररमध्ये रिस्पॉन्स नसतोच, मग एरर सांभाळायला लावलेला कॅच स्वतःच फाटतो. आधी रिस्पॉन्स आहे का ते बघायचं, मग त्याचा स्टेटस विचारायचा.

आता तू पाठवलेल्या कोडबद्दल. रजेच्या यादीवालं फंक्शन अजून चालवून बघितलेलं दिसत नाहीये. तिथे देनमध्ये बाणापुढे महिरपी कंस उघडलायस, आत रिस्पॉन्स डॉट जेसन लिहिलंयस, अर्धविराम, कंस बंद. रिटर्न कुठाय? कंस नसता तर ती किंमत आपोआप पुढच्या देनला मिळाली असती, महिरपी कंस आला की रिटर्न हाताने लिहावं लागतं, नाहीतर पुढच्या देनच्या हातात अनडिफाइंड पडतं आणि कन्सोलमध्ये एरर दिसते ती भलत्याच ओळीची. दुसरं, तिथे कॅच मधोमध आहे आणि त्याखाली अजून एक देन आहे. कॅचने एरर घेतली, कन्सोल लॉग केली आणि गप्प बसला, म्हणजे साखळीच्या दृष्टीने सगळं आलबेल, खालचं देन मजेत चालणार आणि रिकाम्या डेटावर टेबल काढायला जाणार. कॅच शेवटी ठेव, किंवा मधे ठेवायचाच असेल तर त्यात पुन्हा थ्रो कर.

आणि कधी 'अनएक्स्पेक्टेड टोकन' आणि त्यापुढे < असं चिन्ह दिसलं तर जेसनमध्ये चूक शोधत बसू नकोस. सर्व्हरने जेसनऐवजी एचटीएमएलचं पान पाठवलंय, बहुतेक वेळा लॉगिनचं नाहीतर एररचं, आणि < हे त्या पानाचं पहिलं अक्षर आहे.

प्रश्न (वाशी): एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला आमचा गाळा आहे. मी इंजिनिअरिंगला आहे, बाबांसाठी एक पान बनवलंय ज्यात लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर, पुणे वगैरे बाजारांचे भाव आणि आवक एकत्र दिसते. पान माझ्या छोट्या सर्व्हरला प्रत्येक बाजारासाठी वेगळी रिक्वेस्ट पाठवतं, सर्व्हर पुढे ज्याच्या त्याच्या साइटला विचारतो. सगळं प्रॉमिस डॉट ऑलमध्ये टाकलंय. पण एक जरी साइट बंद असली तरी अख्खं पान कोरं. बाबा म्हणतात तुझ्या पानापेक्षा फोन बरा.

उत्तर: बाबांचं बरोबर आहे. पहाटे गाड्या लागल्यावर त्यांना सोलापूरचा भाव नसला तरी लासलगावचा हवाय, आणि प्रॉमिस डॉट ऑलचा स्वभावच असा की एक रिजेक्ट झालं की सगळंच रिजेक्ट. जिथे सगळे तुकडे मिळाल्याशिवाय काहीच करता येत नाही तिथे ते बरोबर आहे, इथे नाही. इथे प्रॉमिस डॉट ऑल-सेटल्ड वापर, ते २०२० पासून जावास्क्रिप्टच्या स्टँडर्डमध्ये आहे आणि आजच्या सगळ्या ब्राउझरमध्ये चालतं. ते सगळ्यांची वाट बघतं, कुणाच्या फसण्याने रिजेक्ट होत नाही, आणि शेवटी प्रत्येकाबद्दल एकेक ऑब्जेक्ट देतं, स्टेटस फुलफिल्ड असेल तर व्हॅल्यूमध्ये डेटा, रिजेक्टेड असेल तर रीझनमध्ये कारण. पण वर ऐरोलीच्या ताईला सांगितलेलं तुलाही लागू आहे हां, फेच वापरत असशील तर ओके तपासून थ्रो केल्याशिवाय ५०० आलेली रिक्वेस्टही तुला फुलफिल्डच दिसेल.

मग जो बाजार फसला त्याच्या जागी काय दाखवणार? माझं मत विचारशील तर हा प्रश्न कोडपेक्षा मोठा आहे. तुझ्या कोडमध्ये मी बघितलं, भाव मिळाला नाही तर शून्य असं लिहून ठेवलंयस. शून्य रुपये क्विंटल कांदा बघून बाबा काय म्हणतील ते तूच मला सांग. बाजाराच्या नावापुढे 'माहिती आली नाही' असं लिही, किंवा सर्व्हरवर साठवलेला शेवटचा भाव दाखव, पण त्याच्या शेजारी तारीख आणि वेळ ठळक हवी, कालचा भाव आजचा म्हणून गेला आणि त्यावर कुणी सौदा केला तर पान बनवणाऱ्याचं नाव निघणार.

आता वेगाचं. बरेच जण समजतात की प्रॉमिस डॉट ऑल रिक्वेस्ट पाठवतं. ते काहीच पाठवत नाही, तू फेचला कॉल केलास त्याच क्षणी रिक्वेस्ट निघाली, ऑल आणि ऑल-सेटल्ड नुसते वाट बघणारे. म्हणून फॉर लूपमध्ये प्रत्येक फेचपुढे अवेट लिहिलंस तर एक संपल्यावर दुसरी निघते, पाच बाजार आणि प्रत्येकाला दोन सेकंद म्हटलं तर दहा सेकंद गेले, तेच मॅपने पाचही प्रॉमिसेस आधी तयार करून मग एकदाच अवेट केलं तर दोन सेकंदांत काम होतं. फॉर-ईचमध्ये मात्र असिंक फंक्शन (ज्याच्या आत अवेट लिहिता येतं) देऊ नकोस, फॉर-ईच कुणासाठी थांबत नाही, खालची ओळ रिकाम्या यादीवर चालून मोकळी होते आणि डेटा नंतर येतो. हा प्रश्न अजून तिघांनी पाठवलाय, त्यांनीही हेच उत्तर आपलं समजावं.

याचा अर्थ सत्तर बाजार एकदम सोडावेत असा नाही. जुन्या एचटीटीपी १.१ वर क्रोम एका होस्टशी एका वेळी सहाच कनेक्शन उघडतो, बाकीच्या रिक्वेस्ट रांगेत थांबतात, त्यामुळे पानावरून सत्तर सोडल्या तरी ब्राउझर काही ऐकत नाही. सर्व्हरवर ही ब्रेक लावणारी यंत्रणा नसते, तिथून तू दुसऱ्याच्या साइटला धडाधड हिट केलंस तर ते तुझा आयपी बंद करतील, आणि त्यांची काही चूक नाही. लिलाव दिवसातून ठरावीक वेळी होतात, भाव काही सेकंदाला बदलत नाही. सर्व्हरने ठरावीक वेळाने स्वतःच भाव आणून ठेवावेत आणि पानाला साठवलेलं द्यावं, म्हणजे बाबांनी दहा वेळा रिफ्रेश केलं तरी बाहेर एकही रिक्वेस्ट जात नाही. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची १८ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर फेच त्यात आहेच, वेगळं काही टाकायला नको.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): माझी आई पोळीभाजीचे डबे आणि सणाला पुरणपोळ्या करून देते, ऑर्डरसाठी मी एक छोटं पान बनवलंय. होळीला एका काकूंनी लिफ्टमध्ये असताना बटण दाबलं, लोडर फिरतच राहिला, म्हणून बाहेर आल्यावर परत दाबलं. आमच्याकडे दोन ऑर्डरी, २० पोळ्यांऐवजी ४०. काकूंनी २०च घेतल्या. टाइमआउट लावला तर हे थांबेल ना?

उत्तर: ताई, नुसता टाइमआउट (ठरावीक वेळेनंतर वाट बघणं सोडायची मर्यादा) लावलात तर बहुतेक वाढेल. का ते सांगतो, पण आधी टाइमआउट कसा लावायचा ते बघू, कारण तो लागणारच आहे.

फेचला स्वतःची टाइमआउटची सेटिंग नाही. ब्राउझर कधीतरी कंटाळून सोडतो पण तोपर्यंत माणूस कंटाळलेला असतो. २०२२ पासून ब्राउझरांमध्ये अबॉर्ट-सिग्नल डॉट टाइमआउट आलंय, त्याला मिलिसेकंद द्यायचे आणि जे मिळेल ते फेचच्या सिग्नलमध्ये टाकायचं, वेळ संपली की प्रॉमिस 'टाइमआउट-एरर' नावाने रिजेक्ट होतं. फार जुने फोन धरायचे असतील तर अबॉर्ट-कंट्रोलर (रिक्वेस्ट रद्द करायची कळ) बनवून सेट-टाइमआउटने त्याचं अबॉर्ट बोलवायचं, तिथे एररचं नाव 'अबॉर्ट-एरर' येतं. अ‍ॅक्सिओसमध्ये टाइमआउट लिहायची सोय आहे पण आपण काही लिहिलं नाही तर तो शून्य असतो आणि शून्याचा अर्थ तिथे 'मर्यादाच नाही' असा आहे, अनेकांना वाटतं लायब्ररी बघून घेत असेल. केवाय मात्र काही न सांगता १० सेकंदांवर थांबतं. इंटरनेटवर एक जुनी युक्ती सापडेल, प्रॉमिस डॉट रेसमध्ये फेच आणि टायमर यांची शर्यत लावायची. ती वापरू नका. टायमर जिंकला तरी रिक्वेस्ट मागे चालूच राहते, प्रॉमिस रद्द होत नसतं, तुम्ही फक्त तिकडे बघणं सोडलेलं असतं.

आता मूळ मुद्दा. काकूंनी लिफ्टमध्ये शिरताना बटण दाबलं, तेव्हा रेंजचा शेवटचा दांडा होता, ऑर्डर तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचली आणि डेटाबेसमध्ये बसलीसुद्धा. दार बंद झालं, रेंज गेली, 'मिळाली' हे उत्तर परत येताना हरवलं. काकूंच्या फोनला यातलं काही कळायचा मार्ग नाही. उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही, दोन्ही शक्यता असतात, आणि टाइमआउट तुम्हाला फक्त एवढंच सांगतो की मी वाट बघणं थांबवलं. मग तुम्ही 'ऑर्डर गेली नाही, पुन्हा प्रयत्न करा' असं लाल अक्षरात दाखवणार आणि काकू इमानेइतबारे पुन्हा दाबणार.

बटण पहिल्या दाबण्यानंतर डिसेबल करा, ते तर कराच, पण ते पुरत नाही, माणूस पान रिफ्रेश करतो. पक्का इलाज असा. फॉर्म उघडला की, आधीचा साठवलेला नसेल तर, त्याच वेळी पानावर एक युनिक आयडी तयार करायचा, क्रिप्टो डॉट रँडम-यूयूआयडी हे ब्राउझरमध्येच आहे, फक्त पान एचटीटीपीएसवर हवं. तो आयडी लोकल-स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ठेवायचा आणि ऑर्डरसोबत पाठवायचा. डेटाबेसमध्ये त्या कॉलमला युनिक करायचं. तोच आयडी दुसऱ्यांदा आला की सर्व्हरने नवीन ऑर्डर न घालता जुनीच ऑर्डर 'मिळाली' म्हणून परत पाठवायची. ऑर्डर पक्की झाल्याचं उत्तर पानाला मिळालं की मगच आयडी पुसायचा, म्हणजे काकूंना खरोखर दुसरी ऑर्डर द्यायची असेल तर तीही देता येते. ऑनलाइन पेमेंटवाले हेच करतात, त्याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात.

हे झालं की मग रिट्राय बिनधास्त लावा. केवाय फसलेल्या रिक्वेस्ट आपोआप पुन्हा करून बघतं, ठरवून न बदलल्यास दोनदा, पण गेट, पुट, डिलीट (आणणं, बदलणं, पुसणं) वगैरेंनाच, पोस्टला (नवीन नोंद घालणं) नाही. ते मुद्दाम आहे, पोळ्यांच्याच कारणासाठी. काही जण पोस्टसाठी ते हौसेने चालू करतात, आयडी नसेल तर करू नका.

तुमच्या कोडमध्ये लोडर बंद करायची ओळ देनमध्येही आणि कॅचमध्येही लिहिलीयेत, ती काढून फायनलीमध्ये (जमलं काय, फसलं काय, शेवटी चालणारा भाग) एकदाच लिहा. काकूंचा लोडर फिरत राहिला त्याचं एक कारण तेही असणार, कॅचमध्ये ती ओळ अलर्टच्या खाली आहे, अलर्ट बंद करेपर्यंत ती चालत नाही. आणि उरलेल्या २० पोळ्यांचं काय केलंत ते कळवा.

प्रश्न (नेरुळ): ऑफिसमध्ये दहा वर्षं जुना प्रोजेक्ट आलाय, सगळीकडे जेक्वेरी या जुन्या लायब्ररीचं डॉलर डॉट एजॅक्स (तिचं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन). हे सगळं उपटून टाकू का?

उत्तर: चालतंय ना? मग राहू द्या. जेक्वेरी २००६ ची, तिच्या एजॅक्सला डन आणि फेल जोडायची सोय २०११ ला १.५ मध्ये आली, पण देन खऱ्या अर्थाने स्टँडर्ड प्रॉमिससारखं वागायला लागलं ते २०१६ च्या ३.० पासून. त्याआधीच्या आवृत्तीत देनच्या आत थ्रो केलेली एरर कुणी पकडत नाही आणि कॅच तर नव्हताच. म्हणून पहिल्यांदा आवृत्ती बघा. ३ च्या पुढची असेल तर नवीन कोडमध्ये डॉलर डॉट एजॅक्सपुढे सरळ अवेट लावता येतं. कुणीतरी हलकी म्हणून स्लिम आवृत्ती टाकली आणि 'एजॅक्स इज नॉट अ फंक्शन' आलं तर घाबरू नका, स्लिममधून एजॅक्स काढूनच टाकलेलं असतं.

प्रश्न (खारघर): पोस्टमनमध्ये (रिक्वेस्ट तपासून बघायचा प्रोग्राम) एपीआय, म्हणजे सर्व्हरकडून डेटा मागायची सोय, मस्त चालते. तीच रिक्वेस्ट पानावरून मारली की कॉर्स एरर. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून मोड नो-कॉर्स लावलं, एरर गेली पण डेटा रिकामा. डोक्याला शॉट झालाय.

उत्तर: पोस्टमन हा ब्राउझर नाही, त्यामुळे त्याला कॉर्सचं, म्हणजे दुसऱ्या साइटचा डेटा वाचायच्या परवानगीचं, काही देणंघेणं नाही. एका ओरिजिनच्या (प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट मिळून) पानाने दुसऱ्या ओरिजिनचा डेटा वाचायचा की नाही हे ब्राउझर ठरवतो, आणि परवानगी सर्व्हरने द्यायची असते, अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन या हेडरमधून. लोकलहोस्टवरचे दोन वेगळे पोर्टसुद्धा वेगळे ओरिजिन धरले जातात. लायब्ररी बदलून काही होत नाही, फेच, अ‍ॅक्सिओस, केवाय सगळे त्याच दारातून जातात.

नो-कॉर्सने एरर गेली नाही, तुम्ही ब्राउझरला सांगितलंत की मला उत्तर वाचायचंच नाहीये. मग तो स्टेटस शून्य आणि आत काही नाही असा रिस्पॉन्स हातात देतो. तो व्हिडिओ अनसबस्क्राइब करा. जेसन पाठवताना ब्राउझर आधी ऑप्शन्स नावाची चौकशीची रिक्वेस्ट पाठवतो, सर्व्हरने तिलाही नीट उत्तर द्यायला हवं, लॉगिन तपासणारा कोड बऱ्याचदा तिलाच ४०१ ('आधी लॉगिन करा') देऊन हाकलतो. आणि एक लफडं लोकांना लवकर कळत नाही, सर्व्हर आतून ५०० ने फाटला आणि एररच्या उत्तरावर ते हेडर लावलेलं नसेल तर पानावर दिसते कॉर्सचीच एरर. काल चालत होतं आणि आज कॉर्स आलं असं झालं तर आधी सर्व्हरचा लॉग उघडा. एपीआय दुसऱ्या कुणाची असेल आणि ते परवानगी देत नसतील, तर तुमच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणा.

प्रश्न (घोडबंदर रोड): आमच्या भागातले प्लंबर, इलेक्ट्रिशियन शोधायचं पान करतोय. शोधायच्या बॉक्समध्ये 'कासारवडवली' टाइप केलं की आधी बरोबर यादी येते आणि मग अचानक 'कासा'ची यादी तिच्यावर येऊन बसते. शिवाय मराठीत शोधलं की पत्त्यात टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी आकडे-अक्षरं यांची माळ दिसते, ते बरोबर आहे का?

उत्तर: माळ बरोबर आहे. वेब अ‍ॅड्रेसमध्ये देवनागरी अशीच जाते, आपलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइटसाठी एक टक्का आणि दोन अक्षरं. 'ठाणे' मध्ये काना-मात्रा धरून चार चिन्हं, म्हणजे ३६ अक्षरांची माळ. फक्त हाताने जोडाजोडी करू नको, यूआरएल-सर्च-पॅराम्सला दे, नाहीतर अ‍ॅक्सिओसचं पॅराम्स किंवा केवायचं सर्च-पॅराम्स वापर. माळेत जागोजागी टक्क्यानंतर २५ दिसायला लागलं तर समज की एकदा एन्कोड केलेलं तू पुन्हा एन्कोड केलंयस, मग सर्व्हरला काही सापडणार नाही.

यादीचा घोळ वेगळा. प्रत्येक अक्षरागणिक रिक्वेस्ट जातेय, 'कासा'ला जास्त नोंदी सापडल्या म्हणून तिचं उत्तर उशिरा आलं आणि शेवटी येणारा जिंकला. रिक्वेस्ट ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने परत येतील असा कुठलाच करार नाही. टाइप करणं थांबल्यावर तीनशे मिलिसेकंदांनी रिक्वेस्ट पाठव, आणि नवी पाठवायच्या आधी जुनीचा अबॉर्ट-कंट्रोलर दाब. मग कॅचमध्ये अबॉर्ट-एरर येईल, ती एरर म्हणून दाखवू नकोस, तूच रद्द केलंयस. पहिला उपाय करून दुसरा सोडणारे खूप आहेत, लोकल नेटवर फरक कळत नाही, खरा वापर सुरू झाला की तक्रारी येतात.

प्रश्न (सीवूड्स): सगळ्यात हलकी लायब्ररी कुठली? अ‍ॅक्सिओस जड आहे म्हणतात.

उत्तर: हलकीच हवी तर रेडॅक्सिओस आहे, अ‍ॅक्सिओससारखंच लिहायचं आणि साधारण ८०० बाइट, अनफेच तर ५०० च्या आसपास. पण पानावर वरती जो मोठा फोटो लावला असेल त्यापुढे हे सगळे किस झाड की पत्ती, आधी तो फोटो छोटा करा. २०१७ ला सफारीतही फेच आलं तेव्हापासून ब्राउझरमध्ये फेच आहेच, साधं काम असेल तर ओके तपासणारं, टाइमआउट लावणारं आणि जेसन काढून देणारं वीसेक ओळींचं स्वतःचं फंक्शन पुरतं. फाइल अपलोड किती टक्के झाली ते दाखवायचं असेल किंवा प्रत्येक रिक्वेस्टला टोकन चिकटवायला इंटरसेप्टर हवे असतील तर अ‍ॅक्सिओस घ्या आणि वजनाची चिंता सोडा. सुपरएजंट घेतलीत तर लक्षात ठेवा, देन, एंड किंवा अवेट लावल्याशिवाय तिची रिक्वेस्ट निघतच नाही. आणि ट्युटोरियलमध्ये नोडची 'रिक्वेस्ट' नावाची लायब्ररी दिसली तर तो धडा २०२० च्या आधीचा आहे, ती तेव्हाच निवृत्त केली. काहीही घ्या पण सगळे कॉल एकाच फाइलमधून जाऊ द्या, पुढे लायब्ररी बदलायची झाली तर एकच फाइल उघडावी लागते.

प्रश्न (कळवा): माझी हवामानाची एपीआय की (ती सेवा वापरायचा गुप्त कोड) जावास्क्रिप्ट फाइलमध्येच आहे आणि कोड गिटवर (कोडचे सगळे जुने बदल, म्हणजे कमिट, जपणारी सोय) टाकलाय. मित्र म्हणतो मिनिफाय केलं (फाइल आकसवली) की दिसत नाही.

उत्तर: दिसते. नेटवर्क टॅब उघडला की रिक्वेस्टमध्येच दिसते, मिनिफाय करा नाहीतर काही करा. गिटमधून ती ओळ काढलीस तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच, त्यामुळे आजच त्या साइटवर जाऊन ही की रद्द कर आणि नवीन काढ, नवीन की सर्व्हरवरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) ठेव आणि पानाने तुझ्याच सर्व्हरला हवामान विचारावं. ती सेवा पैशाची असेल तर बिलाचं पानही उघडून बघ.